पाणी सोडणाऱ्या वहिनींचं मानधन : मुंबईतल्या कोकणी ग्रामस्थ मंडळांना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आणि सर्व सभासद,
मुंबईतली कोकणातल्या गावांची ग्रामस्थ मंडळं, वाडी मंडळं आणि विकास मंडळं

विषय : गावच्या नळपाणी योजनेचा चालू खर्च

सप्रेम नमस्कार.

गेल्या मे महिन्यात गावी होतो. पहाटे पाचला उठून टाकीकडे गेलो. पाणीखात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला पाचच्या पुढे झोप लागत नाही. आमच्या गावात पाणी सोडायचं काम एक वहिनी करतात. त्यांचे मालक वीस वर्षं तेच करायचे. ते गेले आणि चाव्या यांच्याकडे आल्या. वहिनी टाकीच्या शिडीवर उभ्या होत्या, हातात चिव्याची काठी. काठीला कोयतीने तीन खाचा पाडलेल्या. काठी टाकीत सोडायची, वर काढायची आणि ओल कुठवर आली ते बघायचं. पहिल्याच खाचेला पाणी असेल तर व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. दुसरी खाच भिजली तर खालच्या वाडीचं भागतं. तिसरी भिजली तरच वरची वाडी आणि अगदी टोकाची बौद्धवाडी, सगळ्यांना पुरतं.

"दोनच भरल्या, भावोजी," त्या म्हणाल्या. "मुंबईवाले आले की तिसरी खाच भिजतच नाय."

मानधनाचं विचारलं तर तीन महिन्यांचं थकलेलं. "देतील ओ, पट्टी जमली की," एवढंच बोलून त्या खाली उतरल्या आणि चावी फिरवायला गेल्या.

हे पत्र त्या तीन महिन्यांसाठी आहे. आणि ते ग्रामपंचायतीला न लिहिता तुम्हाला लिहितोय, कारण आमच्या मंडळाचा मी अकरा वर्षं खजिनदार होतो आणि यात चूक कुणाची, हे माझ्याच हातच्या वहीत लिहिलेलं आहे.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. तरी मार्च उजाडला की पाण्याची ओढाताण सुरू. बाहेरच्या माणसाला हे खरं वाटत नाही. जमीन जांभ्याची, उतार समुद्राकडे. पडलेलं पाणी काही आठवड्यांत कातळावरून, पऱ्यांमधून खाडीला लागतं. जे जांभ्यात मुरतं तेही झऱ्यांनी हळूहळू पाझरून जातं. ऑगस्टमध्ये हाताने पाणी घ्यावं अशी भरलेली विहीर एप्रिलमध्ये तळाला लागते. माझ्या लहानपणी आई रात्री दोनला उठून विहिरीत उतरायची. तळाच्या खळग्यात पाणी झिरपेपर्यंत बसायचं आणि करवंटीने कळशी भरायची. एक कळशी भरायला किती वेळ लागायचा ते मी मोजलेलं नाही. मी वर काठावर कंदील धरून बसलेला असायचो आणि मला झोप लागायची.

गावात विहिरी तीन. कुणी कुठल्या विहिरीवर जायचं हे ठरलेलं. बौद्धवाडीची विहीर वेगळी आणि सगळ्यात आधी आटणारी. पाण्याच्या योजनेचा इतिहास सांगताना आपण थेट पाइपापासून सुरुवात करतो, हे मला पटत नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत हा ठराव सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली मंजूर करून घेतला. महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार तळं खुलं केल्याचं जाहीरही केलं. पण कागद कागदावर राहिला आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसं घेऊन चवदार तळ्यावर जावं लागलं. त्यापुढे कोर्टकचेरी चालली ती १९३७ साली उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने दिलेल्या निकालापर्यंत. महाड आपल्या कोकणातलंच. आमच्या गावापर्यंत तो निकाल पोचायला आणखी ४७ वर्षं लागली, आणि तो पाइपातून आला.

१९८४ ची गोष्ट. गिरणी संप मोडून पडला होता, घराघरांत चिंता होती. अशा दिवसांत लालबागला गावकीच्या खोलीत सभा बसली. देवरहाटीत, म्हणजे देवाच्या राखीव रानात, उंचावर एक झरा आहे, तो मे महिन्यातही आटत नाही. तिथून सायफनने पाणी गावात आणायचं. आपल्याकडे उताराने येणाऱ्या पाण्याला सगळे सायफनच म्हणतात. त्याला पंप लागत नाही, वीज लागत नाही. दर १० मीटर उतरंडीला चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलोचा दाब मिळतो आणि आमचा झरा गावापेक्षा चांगला उंचावर. देवरहाटीतलं पाणी घ्यायचं म्हणून आधी ग्रामदेवतेला कौल लावला. उजवा कौल मिळाला तेव्हा कुठे म्हाताऱ्यांनी मान हलवली.

सभेत वाद झाला तो पाइप कुठवर न्यायचा यावर. देवळापर्यंत आणावा, पुढचं पुढे बघू, असं काही जणांचं म्हणणं. तेव्हा एक साचेवाले, म्हणजे गिरणीत माग चालवणारे, आजोबा उठले. संपात घरातलं सोनं गहाण पडलेलं, तरी त्यांनी वर्गणी भरलेली होती. ते एवढंच बोलले, "बौद्धवाडीपर्यंत पाइप जात नसेल तर माझे पैसे परत करा." खोलीत कुणी बोलेना. मग ठराव झाला. बौद्धवाडीचं मुंबईतलं मंडळ वेगळं होतं. दोन्ही मंडळांनी एकत्र केलेलं ते पहिलं काम.

मे महिन्यात सगळे चाकरमानी गावी आले ते पहारी आणि घण घेऊनच. गाडीरस्ता नव्हता. लोखंडी पाइप दोघा-दोघांनी खांद्यावर घेऊन डोंगर चढलो. चर खणायला वाड्या वाटून घेतल्या. जांभा फोडताना हाताला फोड यायचे, बायका हळद लावायच्या आणि दुसऱ्या दिवशी परत काम. चार ठिकाणी नळकोंडाळी, म्हणजे सार्वजनिक नळ, बांधली. शेवटचं बौद्धवाडीत. तिथे पाणी आलं तेव्हा आधी नुसती हवा आली, फुस्स करून, मग लाल चिखल, मग पाणी. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. पुढच्याच वर्षी मुंबईत पालिकेच्या पाणीखात्यात लागलो. मला नेहमी वाटतं, मी ते काम शिकलो ते गावातच.

इथे थोडं मुंबईचं सांगतो. आधी कामगार आणि नंतर चावीवाला म्हणून मी इथे पस्तीस वर्षं काढली. मुंबईसुद्धा एके काळी विहिरी आणि तलावांवरच जगत होती. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही नावं उगाच पडलेली नाहीत. १८५४ च्या दुष्काळाने शहराचे हाल झाले, त्यानंतर विहार तलावाचं काम सुरू झालं आणि १८६० पासून त्याचं पाणी आलं. मग १८७९ चा तुळशी, १८९२ चा तानसा, १९५७ चं मोडक सागर, आणि त्यापुढे अप्पर वैतरणा, भातसा, मध्य वैतरणा. आज दिवसाला सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी या शहरात येतं. धरणांची नावं सगळ्यांना पाठ असतात, पावसाळ्यात त्यांचे आकडे पेपरात येतात. पण ते पाणी तुमच्या माळ्यावर चढतं कारण शेकडो चावीवाले रोज ठरल्या वेळी, ठरलेले आटे मोजून व्हॉल्व्ह उघडतात आणि बंद करतात. त्यांना दर महिन्याला पगार मिळतो. मी आजारी पडलो की दुसरा जायचा. एकशे साठ वर्षांची ही व्यवस्था धरणांइतकीच त्या हजेरीपटावर उभी आहे.

चावी हलकी नसते. माणसाच्या कमरेपर्यंत येणारी लोखंडी सळई, वर आडवा दांडा. खड्ड्यावरचं झाकण उचलायचं, चावी खाली बसवायची आणि आटे मोजत फिरवायचं. घाई करायची नाही. एकदम उघडलं तर पाण्याचा दणका बसतो, कुठेतरी सांधा सुटतो. रात्री रस्ता शांत असताना चावीच्या दांड्याला कान लावला तर आतून जाणारं पाणी ऐकू येतं. नीट वाहतंय की कुठे गळतंय ते त्या आवाजावरून कळतं. वहिनींना मी हे मे महिन्यात दाखवलं. त्यांनी कान लावला, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "शाळेकडं फुटलाय." दुसऱ्या दिवशी शाळेच्या मागे खणलं तर खरंच सांधा गळत होता. अशा माणसाचं मानधन आपण तीन महिने थकवतो.

आता आमची योजना कशी वाढली ते. नव्वदच्या दशकात रस्ता आला, घरं चिऱ्यांची झाली, संडास-बाथरूम आली. ज्यांच्या दारावरून पाइप जात होता त्यांनी अर्ध्या इंचाची जोडणी घेतली. मग शेजाऱ्याने घेतली. नळकोंडाळ्यावर पाणी कमी पडू लागलं आणि सगळ्यात आधी कोरडं पडलं ते शेवटचं, बौद्धवाडीतलं. कुणी ठरवून केलं नाही, पण कुणी थांबवलंही नाही.

२००० साली राज्य सरकारने धोरण बदललं. योजना गावाने मागायची, १० टक्के लोकवर्गणी भरायची आणि पुढे चालवायचीही गावाने. मग केंद्राची स्वजलधारा आली, जागतिक बँकेच्या मदतीची जलस्वराज्य आली. विचार चांगला होता. ७३ व्या घटनादुरुस्तीने पिण्याचं पाणी हा पंचायतीचा विषय मानलाच आहे, तेव्हा गावाने आपलं पाणी आपण सांभाळावं यात गैर काही नाही. आमच्याकडेही समिती झाली, नदीकाठी जॅकवेल (पाणी उपसायची विहीर) झाली, पंप बसला, नवी टाकी उभी राहिली. आणि लोकवर्गणी? ती आपण भरली. मुंबईत पावतीपुस्तकं फिरली, दोन महिन्यांत रक्कम उभी राहिली. गावातल्या घरांनी जेमतेम काही दिलं. तेव्हा मी खजिनदार होतो आणि मला त्याचा अभिमान वाटला होता. आज वाटतं, तिथेच आपण चुकलो. वर्गणीमागचा हेतू असा होता की पैसा घातलेला माणूस योजनेकडे आपली म्हणून बघेल. आपण तो पैसा गावाच्या हातून काढून घेतला. मग पंप जळला की गावातून फोन यायचा, "मंडळाने बघावं." मंडळ म्हणायचं, "ग्रामपंचायतीने बघावं."

झऱ्याला वीज लागत नव्हती, पंपाला लागते. हा एवढा फरक आम्ही कुणीच नीट समजून घेतला नाही. बिल थकलं, वीज तोडली गेली आणि ऐन एप्रिलमध्ये एकवीस दिवस टाकी कोरडी राहिली. बाया परत विहिरीवर गेल्या. तोवर विहिरीत गाळ आणि पालापाचोळा साठलेला, कारण नळ आल्यावर विहीर उपसायचं कुणी मनावर घेतलं नव्हतं.

मग १५ ऑगस्ट २०१९ ला जलजीवन मिशनची घोषणा झाली. घरोघरी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर. घोषणा झाली तेव्हा देशातल्या ग्रामीण घरांपैकी साधारण १७ टक्के घरांत नळ होता, म्हणजे काम डोंगराएवढं होतं. मिशनची मुदत आता २०२८ पर्यंत वाढवली आहे. आमच्याकडेही निळे पाइप आले, प्रत्येक दारात नळ बसला. ठेकेदाराने चर उथळ खणला, कातळ लागला तिथे पाइप वरच्यावर टाकून माती लोटली. पहिल्याच पावसात ट्रॅक्टरखाली दोन जागी फुटला. त्यावर मी स्वतंत्र तक्रार केली आहे, इथे ती वाढवत नाही. माझं म्हणणं ५५ या आकड्याबद्दल आहे.

आमच्या गावात बारमाही राहणारी माणसं सहाशेच्या आसपास. ५५ लिटरने हिशेब ३३ हजार लिटरचा. गणपतीत आणि मे महिन्यात आम्ही उतरलो की माणसं दुप्पट होतात. आणि आम्ही ५५ लिटरवर राहत नाही. मुंबईची सवय घेऊन जातो. गच्चीवर काळी टाकी, ती भरायला नळाला मोटर. मोटर लावली की आपल्या टाकीत पाणी येतं आणि टोकाच्या घराच्या नळाला हवा येते. मुंबईत पाइपाला असा पंप लावणं बेकायदा आहे हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. इथे चाळीत कुणी लावला तर आपण भांडायला जातो. गावी मात्र "चार दिवसांचा प्रश्न आहे" म्हणून लावतो. वहिनींची तिसरी खाच न भिजण्याचं कारण हे आहे.

शहापूर-मोखाड्याच्या डोंगरात आपल्या मुंबईची धरणं आहेत आणि त्याच भागातल्या वाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो. कामानिमित्त त्या बाजूला गेलो की मला मान वर करवत नसे. तिथे आपण एकटे काही करू शकत नाही, ते मोठं राजकारण आहे. पण स्वतःच्या गावात आपण शहरासारखं वागावं आणि टोकाच्या वाडीने शहापूरसारखं राहावं, हे थांबवणं आपल्या हातात आहे.

आता माझी वही. निवृत्तीनंतर निवांत बसून मी माझ्या कारकिर्दीच्या अकरा वर्षांचे हिशेब परत काढले. देवळाचा सभामंडप, पालखीचं नवं चांदीकाम, शाळेला कॉम्प्युटर, स्मशानशेड, दोन वेळा पाण्याच्या नव्या योजनेची वर्गणी. सगळी चांगली कामं. प्रत्येकावर देणगीदारांच्या नावाची पाटी आहे. त्या अकरा वर्षांत पाणी सोडणाऱ्याचं मानधन, विजेचं बिल, पंपाची दुरुस्ती, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर यावर मंडळाने केलेला खर्च : शून्य. कुणी मागितला नव्हता असं नाही. दोनदा पत्र आलं होतं. मीच लिहिलं होतं, "चालू खर्च मंडळाच्या उद्दिष्टांत बसत नाही."

बसवा तो उद्दिष्टांत. हीच माझी विनंती आहे. मंडळांनी गावाचा सगळा चालू खर्च उचलावा असं मी म्हणत नाही. लोकवर्गणीच्या वेळची चूक परत करायची नाही. गावातल्या घरांनी त्यांची पट्टी भरलीच पाहिजे. पण गावातली निम्मी घरं आपली आहेत, कुलूप लावलेली. त्या घरांची पाणीपट्टी आपण भरत नाही. "वर्षातून पंधरा दिवस येतो, बारा महिन्यांची पट्टी कशाला?" हे वाक्य मी सभेत किती वेळा ऐकलं आणि किती वेळा मान डोलावली. वहिनी बारा महिने शिडी चढतात म्हणून त्या पंधरा दिवसांत आपल्या नळाला पाणी असतं. पाइप, पंप, टाकी आपल्यासाठी अकरा महिने झोपून राहत नाहीत. बंद घराची पट्टी पूर्ण वर्षाची भरायची आणि ती मंडळाने गोळा करून एकरकमी पाणीपुरवठा समितीच्या खात्यात टाकायची. नुसती तेवढी आली तरी आमच्या गावात मानधन दर महिन्याच्या महिन्याला निघतं, हे मी समितीच्या वहीवरून ताडून बघितलं आहे. सभामंडपासाठी ठेवलेल्या ठेवीचं व्याज पंपाच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवता येईल, हाही माझा प्रस्ताव आहे. त्यावर वाद होईल हे मला माहीत आहे. होऊ द्या.

मोटारी काढा, हे तर पैशाविनाच होणारं काम आहे. गणपतीला निघायच्या आधी प्रत्येक मंडळाने आपल्या सभासदांकडून तसं कबूल करून घ्यावं. आणि १९८४ सारखं एक दिवसाचं श्रमदान मे महिन्यात विहिरीसाठी ठेवावं. गाळ काढायला चार माणसं आत, दहा बाहेर, एका दिवसात एक विहीर होते. मुंबईने आपल्या बऱ्याच विहिरी मलेरियाच्या भीतीने झाकल्या, बुजवल्या, आणि तलावांची आता फक्त नावं उरली. गावाला तसं करणं परवडणार नाही. देवरहाटीतला झरा अजून वाहतोय. त्याच्या वरच्या अंगाला कुणी बोअर मारू नये याकडे मंडळाने डोळ्यात तेल घालून बघावं. सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर १९९३ च्या कायद्यानेच बंधन आणलं होतं. आता त्याच्या जागी २००९ चा भूजल कायदा आहे, आणि तोही पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांना संरक्षण देतो. तो कायदा दाखवायला कुणीतरी उभं राहावं लागतं, एवढंच.

समितीत निम्म्या बायका असाव्यात असा नियम आहे. आमच्याकडे आहेत, सह्यांपुरत्या. वहिनी समितीत नाहीत. गावातला प्रत्येक व्हॉल्व्ह, प्रत्येक सांधा, कुठल्या घराला किती वाजता पाणी पोचतं हे त्यांना तोंडपाठ आहे. पाइपांचा नकाशा ग्रामपंचायतीत सापडत नाही, तो त्यांच्या डोक्यात आहे. गणपतीत मी त्यांच्याबरोबर सगळी लाइन चालून तो कागदावर उतरवणार आहे. प्रत्येक मंडळाने आपापल्या गावी हे करावं. पाणीखात्यातले निवृत्त कोकणी आपल्यात बरेच आहेत. चावीवाले, फिटर, मुकादम. त्यांना शोधा, ते नाही म्हणणार नाहीत.

आमच्या मंडळाची गणपतीआधीची सभा लालबागच्या खोलीत आहे. बंद घरांची पाणीपट्टी हा विषय मी लेखी दिला आहे. तो पहिल्या क्रमांकावर घ्यावा, शेवटच्या "आयत्या वेळच्या विषयां"त ढकलू नये. पावतीपुस्तक मी घेऊन येतो. पहिली पावती माझ्या बंद घराची फाडायची आहे, मागच्या सहा वर्षांच्या थकबाकीसह.

आपला,
एक निवृत्त चावीवाला
करी रोड, मुंबई